ओएटीचा निकाल मनासारखा लागला नाही, तर पुढे काय करावे

अमेरिकेत किंवा कॅनडात डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टी तपासणारे डॉक्टर, होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक कॉलेजांच्या प्रवेशासाठी ऑप्टोमेट्री ॲडमिशन टेस्ट, म्हणजेच ओएटी, द्यावी लागते. ही परीक्षा वर्षभर प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर संगणकावर होते आणि शेवटचा विभाग संपला की अनधिकृत गुण तिथल्या तिथे समजतात. निकालाची वाट पाहण्यात मनाची थोडीफार तयारी होते, ती सवड इथे मिळत नाही. त्यामुळे कमी गुण पाहून केंद्राबाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात साधारणपणे दोनच विचार येतात: एक तर आजच्या आज पुढची तारीख घ्यावी, नाही तर हे क्षेत्र आपले नव्हेच. दोन्ही विचार त्या घडीला स्वाभाविक असले, तरी त्या घडीला कृतीत आणण्याच्या लायकीचे नसतात.

इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या प्रवेशाची वाट मराठी घरांत तोंडपाठ असते. ऑप्टोमेट्रीच्या वाटेने गेलेले ओळखीचे कोणी सहसा सापडत नाही. हा लेख अशा घरांतील विद्यार्थ्यांसाठी आहे, मग ते न्यू जर्सीत वाढलेले असोत किंवा पुण्या-मुंबईहून पदवीसाठी तिकडे गेलेले असोत. पुन्हा परीक्षेला बसण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. त्याआधी गुणपत्रिका विभागवार वाचावी, प्रवेशाचे वेळापत्रक समोर ठेवावे आणि पहिल्या तयारीत नेमके काय बिघडले ते लिहून काढावे. दुसऱ्या वेळी आपण काय वेगळे करणार आहोत हे ज्याला चार ओळींत सांगता येत नाही, त्याने दुसऱ्यांदा शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या काही दिवसांत

निकालाच्या दिवशी संध्याकाळी एकच काम करावे: परीक्षेचा अनुभव आठवेल तसा लिहून ठेवावा. प्रश्न लिहू नयेत, कारण परीक्षेला बसताना प्रश्नांचा मजकूर बाहेर न नेण्याची अट आपण मान्य केलेली असते आणि तिचा भंग झाल्यास गुण रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. लिहायचे ते आपल्या वागण्याविषयी. कोणत्या विभागात घड्याळाकडे पाहून पोटात गोळा आला, किती प्रश्न शेवटी अंदाजाने टिपावे लागले, मधल्या सुट्टीनंतर डोके चालत होते का, आदल्या रात्री झोप झाली होती का, अशा गोष्टी आठवडाभरात पुसट होतात आणि नंतर ‘वेळ पुरला नाही’ एवढेच मोघम वाक्य उरते.

गुण मोजण्यात चूक झाली असावी असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर ठरावीक मुदतीत शुल्क भरून फेरतपासणी मागता येते. मात्र ही संगणकावरची बहुपर्यायी परीक्षा आहे. बोर्डाच्या पेपरच्या पुनर्मूल्यांकनात पाच-दहा गुण वाढल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, तशी आशा इथे धरू नये.

गुणपत्रिका नीट वाचणे

सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. ओएटीचे गुण २०० ते ४०० या मोजपट्टीवर, दहा-दहाच्या टप्प्यांनी दिले जातात आणि ३०० हा आकडा सरासरीची जागा म्हणून ठरवलेला आहे. मोजपट्टी २०० पासून सुरू होत असल्यामुळे या गुणांची टक्केवारी काढण्यात काहीच अर्थ नाही. तरीही नाशिकला फोन केल्यावर ‘२९० म्हणजे चारशेपैकी साडेबहात्तर टक्के, अरे, फर्स्ट क्लास आहे की’ असे काका प्रेमाने सांगतात आणि विद्यार्थ्याला धीर वाटण्याऐवजी अधिकच एकटे वाटू लागते. २९० म्हणजे सरासरीच्या किंचित खाली, इतकाच त्याचा अर्थ. घरच्यांना समजावताना गुणपत्रिकेसोबत मिळणारा पर्सेंटाइल दाखवावा. एमएचटी-सीईटीमुळे पर्सेंटाइल ही गोष्ट महाराष्ट्रातील घरांत आता सर्वांना कळते.

गुणपत्रिकेवर एक आकडा नसून आठ आकडे असतात. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, वाचन-आकलन, भौतिकशास्त्र आणि गणिती तर्क या सहा विषयांचे सहा, त्या सहांच्या सरासरीचा ‘ॲकॅडेमिक ॲव्हरेज’ आणि विज्ञान विषयांचा एकत्रित ‘टोटल सायन्स’. विद्यार्थी बहुधा ॲकॅडेमिक ॲव्हरेजकडे पाहून हळहळतात, पण तो आकडा निदानाच्या कामाचा नाही. समजा, एका विद्यार्थिनीला सहाही विषयांत ३०० मिळाले आणि दुसरीला ३४०, ३२०, ३००, ३००, २८० आणि २६० मिळाले. दोघींची सरासरी ३००च आहे. परंतु पहिलीला सगळ्या आघाड्यांवर थोडे-थोडे वर यायचे आहे, तर दुसरीचे बहुतेक काम दोन विषयांत आहे. दोघींनी सारखेच वेळापत्रक आखले, तर निदान एकीचे महिने वाया जाणार हे उघड आहे.

विभागवार गुण वाचताना परीक्षेची रचना ध्यानात ठेवावी लागते. सुरुवातीच्या नैसर्गिक विज्ञानाच्या विभागात १०० प्रश्नांसाठी ९० मिनिटे असतात: जीवशास्त्राचे ४०, सामान्य रसायनाचे ३० आणि सेंद्रिय रसायनाचे ३०, आणि या तिन्ही विषयांना घड्याळ एकच. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. सेंद्रिय रसायन सर्वांत शेवटी येते. त्यामुळे सेंद्रियचे गुण कमी आले म्हणजे विषय कच्चा, असा निष्कर्ष लगेच काढू नये. जीवशास्त्रात एकेका पेशी-अंगकावर दोन-दोन मिनिटे घालवणारा विद्यार्थी सेंद्रियच्या प्रश्नांपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या हाती दहा-बारा मिनिटे उरलेली असतात, आणि गुणपत्रिकेवर दुखणे दिसते सेंद्रियमध्ये, असते मात्र जीवशास्त्रात. परीक्षेच्या दिवशीच्या टिपणाचा उपयोग इथे होतो. घरी वेळ न लावता सेंद्रियचे ३० प्रश्न सोडवून पाहावेत. तिथे कामगिरी चांगली असेल, तर अभिक्रिया पुन्हा घोकण्याऐवजी घड्याळ सांभाळायला शिकावे.

वाचन-आकलनानंतर सुट्टी असते आणि मग भौतिकशास्त्र येते: ४० प्रश्न, ५० मिनिटे. म्हणजे अडीच तास मेंदू राबल्यानंतर हा विषय समोर येतो, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत गणिती तर्काचे ४० प्रश्न. घरी भौतिकशास्त्राचा सराव सकाळी ताज्या डोक्याने करणाऱ्याला परीक्षेत हे दोन विभाग जड गेले, तर त्यात नवल नाही. घरच्या सरावातले गुण आणि प्रत्यक्ष गुण यांतली तफावत फक्त याच दोन विभागांत असेल, तर विषयापेक्षा दमणूक हे कारण आधी तपासावे.

एक लहानशी पण महत्त्वाची बाब: या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ऋण-गुणांच्या भीतीत वाढलेले आपले विद्यार्थी प्रश्न कोरे सोडून येतात. तसे झाले असेल, तर काही गुण निव्वळ सवयीपायी गेले आहेत असे समजावे.

कॉलेजे या आकड्याकडे कशी पाहतात

आपले गुण ‘कमी’ आहेत हे कशाच्या तुलनेत, हा पुढचा प्रश्न. परीक्षा चालवणारी संस्था, म्हणजे असोसिएशन ऑफ स्कूल्स अँड कॉलेजेस ऑफ ऑप्टोमेट्री, दरवर्षी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची कॉलेजवार माहिती प्रसिद्ध करते. त्यात ओएटी आणि जीपीएचे, म्हणजे पदवीतील सरासरी श्रेणीचे, आकडे असतात. तो तक्ता उघडावा आणि आपल्या यादीतील प्रत्येक कॉलेजापुढे आपले गुण लिहावेत. बर्कली किंवा न्यूयॉर्कच्या सनी कॉलेजचा आकडा एक असतो आणि इतर अनेक चांगल्या, तितक्याच मान्यताप्राप्त कॉलेजांचा दुसरा. पदवी सर्वत्र तीच, पुढे परवान्यासाठीची नॅशनल बोर्डाची परीक्षाही तीच, आणि रुग्ण चष्म्याचा नंबर काढून घेताना डॉक्टरांचे ओएटीचे गुण विचारत नाही. कॉलेजच्या नावाचा सोस आपल्याकडे जरा जास्तच असतो. निकालानंतरचा आठवडा ही यादी नव्याने पाहण्याची योग्य वेळ आहे.

गुणांसोबत जीपीए, विज्ञानाच्या पूर्वअट विषयांतील श्रेणी, एखाद्या ऑप्टोमेट्रिस्टच्या दवाखान्यात घालवलेले तास, शिफारसपत्रे, निबंध आणि मुलाखत हे सारे पाहिले जाते. ज्याचा जीपीए भक्कम आहे आणि फक्त एका विषयात ओएटीचा आकडा घसरला आहे, त्याने आहे त्या गुणांवर अर्ज करण्याचा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा. याउलट जीपीएही बेताचा असेल, तर केवळ ओएटी सुधारून भागेल असे गृहीत धरू नये. एखादा विज्ञान विषय पुन्हा घेऊन चांगली श्रेणी मिळवणे हे कधी कधी पुनर्परीक्षेहून अधिक उपयोगी पडते.

प्रवेश कार्यालयाला थेट विचारायलाही संकोच करू नये. आपल्याकडे ‘ऑफिसात विचारले तर वाईट दिसेल’ अशी धास्ती असते, परंतु तिकडच्या कॉलेजांत उमेदवारांशी बोलणे हे त्या कार्यालयाचे रोजचे काम आहे. ‘माझी निवड होईल का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर कोणी देत नाही. ‘एका विषयात ३०० पेक्षा कमी गुण असतील तर तुमच्याकडे अर्ज पुढे जातो का’, ‘दोन वेळा परीक्षा दिल्यास तुम्ही कोणते गुण धरता’ असे नेमके प्रश्न विचारावेत. काही कॉलेजे सर्वोत्तम प्रयत्न धरतात, काही सर्वांत अलीकडचा, आणि काही सारे प्रयत्न शेजारी ठेवून पाहतात. या एका उत्तरावर तुमचा पुढचा निर्णय बदलू शकतो.

पुन्हा बसावे की नाही: तारखांचे गणित

नियम आधी पाहू. दोन प्रयत्नांमध्ये ठरावीक दिवसांचे सक्तीचे अंतर असते. हा आकडा मधल्या काळात बदललेला असल्याने मित्राने सांगितलेला न धरता चालू वर्षाच्या अधिकृत ओएटी पुस्तिकेतलाच धरावा. तीन प्रयत्न झाल्यावर पुढच्या वेळी खास परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक वेळी नवा अर्ज आणि पूर्ण शुल्क लागते. शिवाय आधीचे गुण पुसले जात नाहीत, ते कॉलेजांना दिसतात. दुसऱ्या प्रयत्नात चाळीस गुणांनी वर गेलेला आलेख चांगली छाप पाडतो. पण तयारीत काहीही न बदलता घाईने दिलेला आणि तिथेच घुटमळलेला दुसरा निकाल अर्ज कमकुवत करतो.

आता दिनदर्शिका. बहुसंख्य कॉलेजांचे अर्ज ऑप्टोमकॅस या सामाईक सेवेतून जातात. तिचे नवे चक्र दरवर्षी उन्हाळ्यात, जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीस उघडते आणि प्रवेश पुढच्या वर्षाच्या ऑगस्टमधील वर्गासाठी असतात. बहुतेक ठिकाणी रोलिंग पद्धत असते, म्हणजे अंतिम मुदतीची वाट न पाहता अर्ज येतील तसे पाहिले जातात आणि जागा भरत जातात. ‘शेवटच्या तारखेच्या आत भरला ना, मग झाले’ हे आपले नेहमीचे गणित इथे चालत नाही.

त्यामुळे निकाल मे-जूनमध्ये लागला असेल, तर घाबरण्यासारखे फारसे काही नाही. उन्हाळ्यात तयारी करून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा बसले, तरी चक्राच्या पूर्वार्धातच अर्ज पूर्ण होतो. ऑगस्ट-सप्टेंबरचा निकाल असेल, तर दोन मार्ग उरतात: आहे त्या गुणांवर अर्ज पाठवून समांतरपणे नोव्हेंबरच्या सुमारास पुन्हा परीक्षा द्यायची, किंवा नवे गुण येईपर्यंत अर्ज राखून ठेवायचा. पहिला मार्ग निवडणाऱ्याने ध्यानात घ्यावे की पुढची परीक्षा नोंदवलेली दिसली, तर काही कॉलेजे नवे गुण येईपर्यंत निर्णय थांबवतात. ते वाईटच असते असे नाही, मात्र ते माहीत असावे. निकाल डिसेंबरनंतर लागला असेल आणि गुण यादीतील सर्व कॉलेजांच्या खूप खाली असतील, तर ते चक्र सोडून पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या आठवड्यातच परिपूर्ण अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एक वर्ष गेले म्हणून आपल्याकडे फार हळहळ होते, पण जानेवारीत घाईघाईने दिलेल्या परीक्षेवर फेब्रुवारीत उरल्यासुरल्या जागांसाठी धडपडण्यापेक्षा ते वर्ष स्वस्त पडते.

व्हिसावर असलेल्यांसाठी मात्र वर्ष सोडणे इतके सोपे नसते, आणि हा भाग मार्गदर्शनपर पुस्तकांत क्वचितच सापडतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीखाली बारा महिने काम करता येते, पण ते काम आपल्या मुख्य विषयाशी थेट निगडित असावे लागते आणि त्या काळात एकूण ९० दिवसांहून अधिक बेरोजगार राहता येत नाही. म्हणजे ‘वर्षभर घरी बसून अभ्यास करीन’ ही योजना एफ-१वाल्याला मुळातच बंद आहे. जीवशास्त्राची पदवी असेल तर प्रयोगशाळेतील किंवा संशोधनातील काम पाहावे, आणि नेत्ररोग दवाखान्यातील सहायकाचे काम चालेल का, हे आपल्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. आई-वडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून एच-४ व्हिसावर वाढलेल्या मुलांचा तो दर्जा २१व्या वर्षी संपतो, आणि ओएटी देण्याचे वय नेमके हेच असते. त्यांनी पुनर्परीक्षेची तारीख ठरवण्याआधी व्हिसाची तारीख पाहावी. परदेशी विद्यार्थ्यांना सर्वच कॉलेजे, विशेषतः राज्य सरकारच्या निधीवर चालणारी, सारख्याच सढळ हाताने जागा देत नाहीत. तेव्हा यादी करतानाच ही चौकशी उरकावी.

तयारी बदलायची म्हणजे काय

पहिल्या वेळी रोज चार तास अभ्यास केला होता, आता सहा तास करणार, हा बदल नव्हे. ज्या पद्धतीने गुण आले नाहीत, तीच पद्धत दीडपट वेळ राबवल्याने पालथ्या घड्यावर अधिक पाणी पडते इतकेच. बदल शोधण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे चुकांची वही. सराव परीक्षेतला प्रत्येक चुकलेला प्रश्न, आणि बरोबर आला पण अंदाजाने आला असाही प्रश्न, वहीत नोंदवावा आणि त्यापुढे ‘का चुकला’ हे एका पूर्ण वाक्यात लिहावे. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द वहीत येऊ देऊ नये. त्या शब्दाखाली खरे कारण गाडले जाते.

कारण कसे खणून काढायचे, हे एका उदाहरणाने दाखवतो. प्रकाशशास्त्राचा साधा प्रश्न घेऊ: बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर २० सेंमी आहे आणि वस्तू भिंगापासून ३० सेंमीवर ठेवली आहे, तर प्रतिमा कुठे मिळेल? दहावीपर्यंत महाराष्ट्रात शिकलेला विद्यार्थी कार्टेशियन चिन्हसंकेत पाळतो. त्याच्या सूत्रात एक भागिले व्ही वजा एक भागिले यू बरोबर एक भागिले एफ असते (व्ही प्रतिमेचे अंतर, यू वस्तूचे, एफ नाभीय अंतर) आणि वस्तूचे अंतर तो उणे ३० धरतो. त्यावरून एक भागिले व्ही म्हणजे १/२० वजा १/३०, म्हणजे १/६०. प्रतिमा ६० सेंमीवर. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत सूत्र वेगळे मांडतात: वस्तूच्या अंतराचा व्यस्त अधिक प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त बरोबर नाभीय अंतराचा व्यस्त, आणि समोरची खरी वस्तू धन चिन्हाची. उत्तर तेच, ६० सेंमी.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत. गोंधळ होतो तो दोन्हींची खिचडी झाल्यावर. तयारीच्या पुस्तकातून अमेरिकी सूत्र नव्याने पाठ केलेले असते, पण हात जुन्या सवयीने वस्तूचे अंतर उणे ३० लिहून मोकळा होतो. मग १/२० अधिक १/३० होते, ते १/१२ येते, आणि प्रतिमा १२ सेंमीवर असल्याचे उत्तर निघते. परीक्षेत असा आकडा पर्यायांत ठेवलेला असण्याची दाट शक्यता असते, त्यामुळे चूक कळतही नाही. आरशांच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो, कारण अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर कार्टेशियन संकेतात ऋण असते आणि अमेरिकी पुस्तकांत धन. अशा विद्यार्थ्याने वहीत ‘ऑप्टिक्स कच्चे’ असे लिहिले, तर तो सगळा धडा पुन्हा वाचत बसेल आणि पुन्हा तीच चूक करील. ‘दोन चिन्हसंकेत मिसळले’ असे लिहिले, तर एका संध्याकाळचे काम आहे: कोणताही एक संकेत कायमचा निवडावा, दुसऱ्याचे सूत्र वहीतून खोडावे, आणि प्रत्येक प्रश्नात आधी किरणाकृती काढून उत्तर पटते का ते पाहावे. वस्तू नाभीच्या बाहेर आणि दुप्पट नाभीय अंतराच्या आत असेल, तर वास्तव प्रतिमा दुप्पट अंतराच्या पलीकडे, म्हणजे इथे ४० सेंमीच्या पुढे मिळायला हवी. १२ हे उत्तर तिथेच बाद होते. भावी ऑप्टोमेट्रिस्टला हा विषय पुढे चार वर्षे सोडणार नाही, तेव्हा इथे घातलेला वेळ कधीच फुकट जात नाही.

अशी वही दोन-तीन सराव परीक्षांपुरती जरी प्रामाणिकपणे भरली, तरी कारणांचे ढीग आपोआप वेगळे पडू लागतात. काही प्रश्न माहितीच नसल्याने चुकलेले असतात. तिथे पुस्तक उघडण्याला पर्याय नाही, आणि जीवशास्त्रात हा ढीग मोठा निघतो, कारण पेशीपासून परिसंस्थेपर्यंत सारेच तिथे विचारले जाते. अधिकृत पुस्तिकेतील घटकांची यादी छापून घ्यावी आणि न वाचलेल्या घटकांवर खूण करावी. वनस्पती आणि प्राण्यांच्या विविधतेसारखा भाग बरेच जण ‘नंतर पाहू’ म्हणून सोडतात आणि तो सुटतोच. काही प्रश्न माहिती असूनही चुकतात, वरच्या उदाहरणासारखे. तिथे वाचन वाढवून उपयोग नाही, त्या प्रकारचे प्रश्न एका बैठकीत सलग सोडवावे लागतात. उरलेले प्रश्न वेळेने मारलेले असतात. त्यांच्यासाठी विभागाच्या मध्यावर घड्याळ पाहण्याची शिस्त लावावी: नैसर्गिक विज्ञानात चाळिसाव्या प्रश्नाला पोहोचताना साधारण ३५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेलेला नसावा. अडलेल्या प्रश्नाला अंदाजाचे उत्तर देऊन खूण करावी आणि पुढे जावे. ज्याचे सेंद्रिय रसायन पक्के आहे, त्याने तो भाग आधी सोडवून पाहायलाही हरकत नाही, कारण विभागाच्या आत मागे-पुढे जाता येते. मात्र हा प्रयोग सराव परीक्षेत करावा, खऱ्या परीक्षेत पहिल्यांदा नव्हे.

वाचन-आकलनात तीन लांब उताऱ्यांवर ५० प्रश्न असतात आणि त्यांना ६० मिनिटे मिळतात. मराठी माध्यमातून शिकून गेलेल्यांना हा विभाग आपला कच्चा दुवा वाटतो, पण तिथेच वाढलेल्या मुलांचीही इथे दमछाक होते, हे सांगायला हवे. प्रश्न आधी वाचून उताऱ्यात उत्तर हुडकण्याची युक्ती लोकप्रिय आहे. उताऱ्यातला एखादा तपशील विचारला असेल तर ती चालते, लेखकाचा रोख किंवा निष्कर्ष विचारला असेल तर फसते. माझा सल्ला असा की प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर, त्यात काय आहे हे तीन-चार शब्दांत टिपावे, वाटल्यास मराठीत. ही टिपणे म्हणजे उताऱ्याची अनुक्रमणिका होते आणि तपशिलाचा प्रश्न आला की कुठे पाहायचे हे शोधत बसावे लागत नाही.

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत संपूर्ण परीक्षा, सर्व विभाग त्याच क्रमाने, त्याच वेळेला आणि मधल्या सुट्टीसह, निदान दोनदा द्यावी. तुकड्या-तुकड्यांनी केलेल्या सरावातून अडीच तासांनंतरच्या भौतिकशास्त्राचा अंदाज येत नाही. अधिकृत सराव परीक्षा शेवटी ठेवाव्यात, कारण त्यांचा बाज खऱ्या परीक्षेच्या सर्वांत जवळचा असतो. सलग दोन सराव परीक्षांत दुबळ्या विषयाचे गुण वर आलेले नसतील, तर पुस्तिकेतील मुदत पाहून परीक्षा पुढे ढकलावी. त्यासाठी भरावे लागणारे शुल्क तिसऱ्या प्रयत्नाच्या शुल्कापेक्षा नेहमीच कमी असते.

घरच्यांशी बोलताना

फॅमिली ग्रुपवर निकाल टाकण्याचे बंधन कोणावरही नाही. आई-बाबांना मात्र लवकर सांगावे आणि सांगताना योजना सोबत असावी: कोणत्या विषयात किती गुण, पुढची तारीख केव्हा, तोपर्यंत खर्च किती. गुणपत्रिका उलगडून दाखवली की बोलणे ‘असे कसे झाले’ वरून ‘मग आता काय’ वर लवकर येते. वडीलधाऱ्यांनी इतर मुलांची उदाहरणे देणे टाळले, तर त्या घरातील अभ्यास निम्म्याने सोपा होतो. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि हे पंधरवडाभर चालले असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जावे. ही सेवा बहुतेक कॉलेजांत शुल्कातच धरलेली असते.

ओएटीखेरीज

काही कॉलेजे ओएटीऐवजी जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची सर्वसाधारण परीक्षा), एमकॅट (वैद्यकीय प्रवेशाची) किंवा डॅट (दंतवैद्यकीय प्रवेशाची) या परीक्षांचे गुण स्वीकारतात. गणिती तर्क आणि वाचन उत्तम, पण विज्ञानाच्या विभागांत वेगामुळे मार खाणाऱ्या विद्यार्थ्याचा पदवीचा विज्ञान-जीपीए चांगला असेल, तर जीआरई हा त्याच्यासाठी खरोखर विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. सगळीच कॉलेजे जीआरई स्वीकारत नाहीत, त्यामुळे यादी आधी आणि परीक्षा नंतर ठरवावी.

भारतात बी.ऑप्टोम., म्हणजे ऑप्टोमेट्रीची पदवी, केलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. ती पदवी अमेरिकेतील डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्रीच्या बरोबरीची धरली जात नाही आणि तिच्यावर तिथे व्यवसायाचा परवाना मिळत नाही. तथापि बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्रीसारख्या ठिकाणी परदेशात शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टसाठी कमी मुदतीचा प्रगत प्रवेशाचा अभ्यासक्रम आहे. ज्याच्याकडे बी.ऑप्टोम. आहे आणि जो ओएटीच्या निकालाने खचला आहे, त्याने चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मागे धावण्याआधी या मार्गाच्या अटी वाचाव्यात.

नवे गुण हाती आल्यावर

दुसऱ्या निकालानंतरची कामे किरकोळ दिसतात, पण त्यात हयगय झाली तर कष्ट पाण्यात जातात. अधिकृत गुण ऑप्टोमकॅसमध्ये पोहोचले आहेत का, हे स्वतः उघडून पाहावे. केंद्रावर मिळालेला कागद कॉलेजांना चालत नाही. अर्ज आधीच गेलेला असेल, तर प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला नवे गुण आल्याची दोन-तीन वाक्यांची ई-मेल पाठवावी आणि त्यात आपला ऑप्टोमकॅसचा क्रमांक न विसरता लिहावा.

निबंधात पहिल्या निकालाचा खुलासा करावा का, असे अनेक जण विचारतात. निबंध ऑप्टोमेट्रीविषयी असू द्यावा. गुणांसाठी त्यात जागा खर्च करू नये. मुलाखतीत प्रश्न आला, तर उत्तर दीड मिनिटाच्या आत संपावे आणि त्यात कारणांपेक्षा केलेला बदल जास्त असावा: ‘पहिल्या वेळी नैसर्गिक विज्ञानात माझे घड्याळ चुकले, नंतर मी दर आठवड्याला पूर्ण विभाग वेळ लावून सोडवला आणि सेंद्रियमध्ये तीस गुण वाढले.’ हे उत्तर इंग्रजीत मोठ्याने म्हणून आधी सराव करावा आणि ऐकायला एखादा असा माणूस बसवावा, जो मध्येच ‘बरं, मग?’ असे विचारील.

नवे गुणही अपेक्षेपेक्षा खालीच राहिले असतील, तर तिसऱ्या प्रयत्नाचा अर्ज भरण्याआधी ज्या कॉलेजने नकार दिला आहे तिथे अर्जात काय कमी पडले हे विचारावे. सगळीच कॉलेजे सांगत नाहीत. जी सांगतात, त्यांचे उत्तर पुष्कळदा ओएटीविषयी नसतेच, तर दवाखान्यातील अपुऱ्या तासांविषयी किंवा उशिरा पोहोचलेल्या शिफारसपत्राविषयी असते.